स्ट्रेट अहेड की पोझ टू पोझ?

ॲनिमेशनचा पहिला शॉट हातात आला की हे ठरवावंच लागतं. पहिल्या चित्रापासून शेवटच्यापर्यंत ओळीने काढत जायचं, म्हणजे स्ट्रेट अहेड. की महत्त्वाच्या पोझ आधी ठरवून मधली चित्रं मागाहून भरायची, म्हणजे पोझ टू पोझ? डिस्नेचे ॲनिमेटर फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली पुस्तकात १२ तत्त्वं मांडली. त्यांत या दोन्ही पद्धती मिळून एकच तत्त्व आहे.

साधी उडी घ्या. सेकंदाला २४ फ्रेम; प्रत्येक चित्र दोन फ्रेम टिकवलं तर एका सेकंदाच्या उडीला १२ चित्रं. पोझ टू पोझमध्ये आधी पाचच काढायची: उभा, गुडघे वाकवून दबलेला, हवेत सर्वांत उंच, जमिनीला टेकताना आणि सावरलेला. उडी पटते की नाही, हे या पाचांतच कळतं. वजन जाणवत नसेल तर दबलेली पोझ चार फ्रेम जास्त धरून बघा. बाकीचं काम वाया जात नाही. स्ट्रेट अहेडमध्ये हीच चूक अगदी शेवटी लक्षात येते, आणि तोवर पात्राचं डोकं नकळत मोठं झालेलं असतं, पाय भलत्याच जागी पडलेला असतो.

पण आग, धूर, पाणी यांना स्ट्रेट अहेडच शोभतं. ज्वाळेचा प्रत्येक आकार आधीच्या आकारातून निघतो; तो आधीच ठरवून ठेवला की तिच्यातला जोर जातो. स्टॉप मोशनमध्ये, म्हणजे खरी बाहुली जराजराशी हलवून दर वेळी फोटो काढतात त्यात, तर ती एकेक फ्रेम पुढेच न्यावी लागते.

पोझ टू पोझ फसतं ते मधल्या चित्रांत. मान वळवताना दोन पोझच्या बरोबर मधलं चित्र भरलं, तर चेहरा सरकत्या दारासारखा सरकतो. तिथे हनुवटी जराशी खाली घ्या, पापण्या मिटा. लगेच पात्राच्या मनात काहीतरी चाललंय असं वाटू लागतं. थ्रीडीत मधल्या फ्रेम सॉफ्टवेअर भरतं, आणि वजन त्याला कळत नाही. म्हणून आधी स्टेप्डमध्ये (मधलं काही न भरता एका पोझवरून थेट दुसरीवर उडी) पोझ पक्क्या करा, ब्रेकडाउन, म्हणजे दोन पोझमधली हालचाल कशी जाईल हे ठरवणारी मधली पोझ, स्वतः टाका, मगच स्प्लाइनवर (सॉफ्टवेअर मधलं सलग भरतं तो प्रकार) जा.

अभिनयाचा शॉट असेल तर मी बेलाशक पोझ टू पोझ सांगेन. शेपूट, केस, सैल कपडे मात्र त्यावर स्ट्रेट अहेडने चढवा. आणि शरीर पक्कं होईपर्यंत शेपटीला हात लावू नका. शरीराचं टायमिंग बदललं की ती पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते.