हत्ती, लाटा आणि उडी: गार्डन रूट करावा की श्रीलंका?

गाडी घेऊन निघायचं, वाटेत जंगल बघायचं, समुद्रावर सर्फिंग शिकायचं आणि एखादी छातीत धडधड होणारी गोष्ट पण करायची, असं सगळं एकाच ट्रिपमध्ये हवं असलं की फिरून फिरून दोन नावं समोर येतात, साऊथ आफ्रिकेतला समुद्राकाठचा गार्डन रूट आणि आपली शेजारची श्रीलंका. आम्ही दोन्ही केलंय. गार्डन रूट एकदा, दिवाळीच्या सुट्टीत, मी, नवरा, तेव्हा तेरा वर्षांची असलेली लेक आणि धाकटा दीर. श्रीलंका दोनदा, एकदा जानेवारीत आणि एकदा जुलैत. त्यामुळे कोणी विचारलं की यातलं चांगलं कुठलं, तर मी आधी उलटं विचारते, सुट्टी कुठल्या महिन्यात आहे? कारण हत्ती बाराही महिने असतात, बंजीचा पूल जागचा हलत नाही, पण लाटांचं तसं नसतं, आणि हे न बघता तिकिटं काढून मग चार दिवस खवळलेल्या समुद्राकडे बघत हॉटेलच्या गॅलरीत बसलेली माणसं मी बघितलीत.

श्रीलंकेचं गणित आपल्याला पटकन कळतं, कारण जूनमध्ये कोकणात होड्या ज्या कारणाने वर ओढून ठेवतात तेच कारण तिथेही आहे. मे ते सप्टेंबर नैऋत्य मान्सून बेटाच्या दक्षिण-पश्चिम किनाऱ्यावर येऊन आदळतो, म्हणजे वेलिगामा, मिदिगामा, हिरिकेटिया ही सगळी सर्फिंगची गावं तेव्हा बिनकामाची होतात. पण त्याच दिवसांत पूर्वेचा अरुगम बे एकदम मस्त चालू असतो, वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो आणि लाटा नीट घडी घातल्यासारख्या येतात. नोव्हेंबर ते एप्रिल बरोबर उलटं. त्यामुळे श्रीलंका म्हणजे खरं तर दोन वेगळ्या ट्रिपा आहेत. नाताळ-जानेवारी असेल तर वेलिगामा, मग उडवलवे आणि 'याला' ही जंगलं, आणि परतताना कितुलगालाचं राफ्टिंग. जून ते ऑगस्ट असेल तर डोंगरातलं एल्ला, अरुगम बे, कुमनाचं जंगल. ऑक्टोबरमध्ये मात्र दोन्हीकडे धड काही नसतं आणि यालाचा मुख्य भाग, ज्याला ब्लॉक वन म्हणतात, तो बऱ्याचदा सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत दुष्काळामुळे बंद ठेवतात. म्हणून दिवाळीला श्रीलंका हा माझ्या मते सगळ्यात कच्चा पर्याय आहे, विमान कितीही स्वस्त मिळालं तरी.

आणि नेमकी दिवाळीतच साऊथ आफ्रिका छान असते. तिथे वसंत असतो, थंडी सरलेली, किनाऱ्याजवळ व्हेल नोव्हेंबरपर्यंत दिसतात, आणि त्यांच्या शाळांची मोठी सुट्टी डिसेंबरच्या मध्यावर सुरू होते तोवर रस्ते मोकळे. सर्फिंगवाल्यांची काशी म्हणजे जेफ्रीज बे, तिथली सुपरट्यूब्स नावाची लाट जगात नावाजलेली आहे, पण तिचा खरा सीझन जून ते ऑगस्ट, दक्षिणेकडच्या समुद्रातल्या हिवाळी वादळांमधून लाटा येतात तेव्हा. आणि स्पष्ट सांगते, सुपरट्यूब्स शिकणाऱ्यांसाठी नाहीच आहे. तुम्ही तिथे काठावर बसून बघायचं आणि शिकायला शेजारच्या साध्या बीचवर जायचं, नाहीतर केपटाऊनजवळ म्युझेनबर्गला, जिथे पाणी कमरेएवढं आणि लाटा हळू, आणि काठावर ती रंगीत लाकडी खोपटी. तिथे डोंगरावर माणसं बसवलेली असतात, शार्क दिसला की झेंडा बदलतात आणि सायरन वाजवतात, २००४ पासून ही व्यवस्था चालू आहे. हिरवा झेंडा म्हणजे पाणी स्वच्छ दिसतंय आणि शार्क नाही, काळा म्हणजे नीट दिसत नाहीये, लाल म्हणजे सावध, पांढरा लागला की बाहेर. शार्कची भीती उगाच नाही, २०१५ मध्ये जेफ्रीज बेला चालू स्पर्धेत मिक फॅनिंग या ऑस्ट्रेलियन सर्फरवर शार्क आला होता, तो वाचला, त्याला ओरखडासुद्धा आला नाही. पण घरी आई-सासूबाईंना हे सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

शिकण्याच्या बाबतीत मात्र माझं मत पक्कं आहे, पहिल्यांदा बोर्डवर उभं राहायचं असेल तर वेलिगामा. खाली वाळू, पाणी कोमट म्हणावं असं, नुसत्या रॅश गार्डवर, म्हणजे पोहायच्या पातळ टी-शर्टवर, दोन-दोन तास आत राहता येतं. म्युझेनबर्गला आम्हाला जाड वेटसूट घालावा लागला, तो ओला अंगावरून काढणं म्हणजे एक वेगळीच कसरत, आणि तरीही अर्ध्या तासात लेकीचे ओठ निळे पडले. वेलिगामाला तिचा इन्स्ट्रक्टर, असेल विशीतला पोरगा, बोर्ड मागून धरून उभा राहायचा, मान वळवून लाट बघायचा, आणि नेमक्या क्षणी ढकलून "अप, अप, अप" ओरडायचा. पहिल्या दिवशी ती सतरा वेळा पडली, मी मोजत होते, अठराव्याला उभी राहिली आणि थेट काठापर्यंत आली, तिथे गुडघाभर पाण्यात बोर्डवरून उतरून मागे वळून बघत राहिली की खरंच आपण इतकं अंतर आलो का. ते साऊथ आफ्रिकेत झालं नसतं असं नाही, पण तिथे थंडीने आधीच निम्मा उत्साह खाल्ला होता. फक्त मिदिगामा आणि अरुगम बेचा मेन पॉइंट इथे खाली खडक आहेत, तिथे नवख्याने जाऊ नये, अरुगम बेला शिकायला बेबी पॉइंट आहे.

आता जंगल. इथे पारडं फिरतं.

साऊथ आफ्रिकेत ॲडो एलिफंट नॅशनल पार्क आहे, पोर्ट एलिझाबेथपासून साधारण ७० किलोमीटर, या शहराचं नाव २०२१ मध्ये बदललंय पण रस्त्यावर अजून बरेच जण जुनंच म्हणतात. १९३१ मध्ये हे पार्क झालं तेव्हा तिथे फक्त ११ हत्ती उरले होते, बाकीचे शेतीसाठी मारून टाकलेले. आज सहाशेच्या वर आहेत. आणि मुख्य म्हणजे इथे तुम्ही तुमच्या भाड्याच्या साध्या कारमधून, स्वतः चालवत, स्वतःच्या वेगाने फिरता. तासाला ४० च्या वर जायचं नाही आणि गाडीतून उतरायचं नाही. गेटवर विचारतात, संत्री-लिंबं आहेत का? पूर्वी हत्तींनी कुंपणाबाहेर जाऊ नये म्हणून त्यांना संत्री खायला घालायचे, त्याची इतकी चटक लागली की वासावर गाड्यांपाशी यायला लागले, म्हणून ती बंदी. नवऱ्याच्या सॅकमध्ये दोन संत्री होती, ती गेटवरच ठेवून गेलो. आत पाट्या आहेत की शेणकिड्यांना आधी जाऊ द्या, कारण इथल्या शेणकिड्यांना उडता येत नाही आणि ते हत्तीच्या लिदीत रस्त्यावरच बसलेले असतात, त्यामुळे लिदीवरून गाडी न्यायची नाही. हापूर नावाच्या पाणवठ्यावर आम्ही इंजिन बंद करून थांबलो तर झुडपांतून एक अख्खा कळप निघाला, आमच्या दोन्ही बाजूंनी गेला, आणि एक मादी माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर थांबली. तिच्या पोटातला गुरगुर आवाज काच बंद असून ऐकू येत होता, पापण्यांचे केस दिसत होते, त्यावर चिकटलेला वाळका चिखल दिसत होता. दिराने तेवढी पाच मिनिटं फोन काढला नाही, यावरून समजा.

श्रीलंकेत सफारी म्हणजे जीप, ड्रायव्हर त्यांचा, वेळ ठरलेली, पहाटे साडेपाचला गेटवर रांग. पण बिबट्या बघायचा असेल तर 'याला' नॅशनल पार्क. तिथे वाघ-सिंह नाहीत, बिबट्याच जंगलाचा राजा, त्यामुळे तो आपल्या जुन्नरच्या उसातल्या बिबट्यासारखा लपतछपत राहत नाही, भर दिवसा खडकावर पसरलेला असतो. आम्हाला दिसला, पण फोनाफोनी होऊन पाच मिनिटांत वीसेक जीप जमल्या, धूळ, डिझेलचा वास, पुढच्या जीपमधले लोक उभे, आणि बिबट्या वैतागून उठून गेला. मला त्याचं खरंच वाईट वाटलं. म्हणून जुलैत आम्ही मुद्दाम कुमनाला गेलो, अरुगम बेहून पानमा मार्गे, आणि अख्ख्या सकाळी तीन जीप दिसल्या असतील. बिबट्या नाही दिसला, पण अस्वल दिसलं, मोर, मगरी, पक्ष्यांची तर गणतीच नाही. हत्तीच बघायचे असतील तर उडवलवे, मोकळं गवताळ रान आहे, हत्ती दिसतातच. तरी ॲडोमध्ये आपल्या हातात स्टिअरिंग असताना जे वाटतं ते जीपच्या मागच्या सीटवर बसून वाटत नाही, हे मी दोन्ही करून सांगतेय.

उडीबद्दल फार तुलना नाही. गार्डन रूटवरच्या ब्लौक्रान्स पुलावरचं बंजी जंपिंग २१६ मीटर, १९९७ पासून चालू, त्याच्या जवळपास जाणारं श्रीलंकेत काही नाही. उडी मारायची नसेल तरी पुलाखालच्या जाळीच्या वाटेवरून चालत मधल्या कमानीपर्यंत जाता येतं, मी तेवढंच केलं, पायाखाली जाळी, आणि जाळीखाली नदी दोऱ्यासारखी. दिराने उडी मारली. त्याचं म्हणणं असं की उडी सोपी, पण नंतर वरून माणूस दोरीने खाली येऊन आपल्याला घेऊन जाईपर्यंत उलटं लटकून राहायचं तो वेळ अवघड. त्याच भागातल्या त्सित्सिकामाच्या जंगलातली झिपलाइन, म्हणजे तारेला लटकून घसरत जाणं, आणि स्टॉर्म्स रिव्हरच्या मुखाशी कयाकिंग लेकीने केलं. श्रीलंकेत एल्लाला फ्लाइंग रावण नावाची झिपलाइन आहे, चहाच्या मळ्यांवरून, नाव ऐकूनच आमच्याकडे सगळ्यांनी करायची ठरवली, आणि कितुलगालाला केलानी नदीवर राफ्टिंग, जे दहा-बारा वर्षांच्या मुलांसकट घरच्यांना झेपतं. आमच्यासारखं कुटुंब असेल तर ते पुरे आहे, पण दिरासारखा कोणी बरोबर असेल तर त्याचं समाधान ब्लौक्रान्सशिवाय होणार नाही.

गाडीचं सांगते कारण रोड ट्रिप म्हटल्यावर हेच मुख्य. दोन्हीकडे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. केपटाऊन ते पोर्ट एलिझाबेथ एन टू हायवेने साधारण साडेसातशे किलोमीटर, रस्ता असा की पुढचा ट्रक स्वतःहून पिवळ्या रेषेच्या बाहेर सरकून वाट देतो आणि तुम्ही पुढे जाऊन दोनदा पार्किंग लाइट लावून थँक्यू म्हणायचं. आम्ही आठ दिवस घेतले, दहा घ्यायला हवे होते. अंधार पडल्यावर हायवेवर गाडी चालवायची नाही आणि सीटवर बॅग दिसेल अशी ठेवायची नाही, हे दोन नियम कडक पाळा. भाड्याच्या गाडीला चालवणाऱ्याच्या नावाचं क्रेडिट कार्डच लागतं, आमच्या वेळी बुकिंग नवऱ्याचं, कार्ड माझं, आणि काउंटरवर दीड तास गेला, शेवटी गाडी माझ्या नावावर केली. डिपॉझिटची मोठी रक्कम अडकते ती वेगळीच, आणि टायर-काचेचा इन्शुरन्स वेगळा घ्या, जंगलात कच्चा रस्ता असतो. इंटरनॅशनल परमिट इथूनच काढून न्या.

श्रीलंकेत स्वतः चालवायला तिथलं वेगळं परमिट लागतं, आणि मला वाटतं त्याची गरजच नाही, ड्रायव्हरसकट गाडी घ्या. आमच्या ड्रायव्हरला आम्ही तिथल्यासारखं "अय्या" म्हणायचो, म्हणजे दादा. बुत्तला ते कतरगामा रस्त्यावर हत्ती गाड्या अडवून खायला मागतात, लोकांनीच ती सवय लावलीय, तिथे अय्याने काच वर करा, हात बाहेर नको, एवढंच सांगितलं आणि कडेने शांतपणे गाडी काढली. मी चालवत असते तर घाबरून ब्रेक दाबला असता. अंतरं छोटी वाटतात पण घाटात वेळ लागतो, एल्ला ते अरुगम बे १३० किलोमीटरला तीन तास धरा.

खाण्यात श्रीलंका सरळ जिंकते, भात, परिप्पू म्हणजे डाळ, नारळाच्या रसातल्या भाज्या, कोकणी माणसाला घरच्यासारखं. शाकाहारी असाल तर एक लक्षात ठेवा, पोल सांबोल म्हणजे ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, ती दिसायला शाकाहारी पण त्यात उंबलकड म्हणजे सुक्या माशाचा चुरा बऱ्याचदा असतो, विचारूनच घ्या. साऊथ आफ्रिकेत किचनवाली कॉटेजेस मिळतात, आम्ही निम्मे दिवस मुगाची खिचडीच केली.

खर्च विचाराल तर आम्हाला माणशी साऊथ आफ्रिका श्रीलंकेच्या जवळपास तिप्पट पडली, त्यात विमानाचा वाटा मोठा. मुंबईहून कोलंबो अडीच तास, केपटाऊनला मध्ये विमान बदलत पूर्ण दिवस जातो, शिवाय व्हिसाची कागदपत्रं आधीपासून जमवावी लागतात. त्यामुळे आठवड्याचीच सुट्टी असेल तर गार्डन रूटचा विचार सोडा, दहा-बारा दिवस मिळत असतील तरच जा. चारच दिवस असतील तर दांडेलीला काळी नदीचं राफ्टिंग आणि तिथून गोकर्णला लाटा, पावसाळा सोडून, तेही वाईट नाही.

आणि गार्डन रूट ठरलाच तर ॲडोच्या आतल्या मेन कॅम्पमध्ये एक तरी रात्र आधीपासून बुक करा, बाहेर राहून दिवसा जाऊन येण्यात ते नाही. कॅम्पजवळच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवा असतो. आम्ही जेवून स्वेटर घालून तिथे बसलो, तासभर काहीच नाही, नवरा म्हणाला चला झोपूया, लेक म्हणाली बाबा अजून दहाच मिनिटं, आणि मग अंधारातून आधी एक सोंड आली, मग पाय, मग एक छोटं पिल्लू आईच्या पोटाखालून, सगळे पाणी प्यायला लागले, आणि पाणी ओढल्याचा आवाज सोडला तर तिथे बसलेल्या पंधरा-वीस माणसांपैकी कोणीही एक शब्द बोललं नाही.