लाकडी घाण्याचं करडई तेल: पावसाळा, हिवाळा आणि अर्धा उन्हाळा वापरून झाल्यावर

गेल्या पावसाळ्यात आम्ही घरातलं शेंगदाणा तेल बंद करून लाकडी घाण्याचं करडईचं तेल सुरू केलं. दमट हवा, थंडी आणि आता ऊन, तिन्हीत ते वापरून झालं आहे. माझं मत पक्कं झालंय. रोजच्या भाजी-आमटीला आणि वरून कच्चं घ्यायला याच्या तोडीचं तेल नाही. तळणाला मात्र ते घेऊ नये, आणि महिन्याला पुरेल त्याहून जास्त एका वेळी आणू नये. बाजारात याच्याबद्दल जितकं चांगलं बोललं जातं त्यातलं निम्मं खरं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घाण्यावरून ताजं आणलेलं तेल गडद सोनेरी असतं आणि तळाशी बारीक गाळ बसतो. दोन-तीन दिवस न हलवता ठेवायचं, मग वरचं नितळ तेल दुसऱ्या बरणीत काढून घ्यायचं. गाळ राहिला तर तेल लवकर खवट होतं. वास शेंगदाण्याच्या तेलासारखा पुढे पुढे करत नाही, भाजलेल्या बियांची हलकी झाक असते, इतकंच. रिफाइंड करडई तेलात हे काहीच उरत नाही. ते जवळजवळ पाण्याच्या रंगाचं आणि बिनवासाचं असतं, त्यामुळे खाली जे लिहिलंय ते फक्त घाण्याच्या तेलाबद्दल आहे असं समजा.

माझं सासर लातूरकडचं. तिकडे ताटात चटणी वाढली की तिच्यात बोटाने खळगा करून कच्चं तेल घालतात, आणि ते तेल करडीचंच असायचं (करडईला तिकडे सगळे करडीच म्हणतात). कारळाची चटणी, वर हे तेल, ज्वारीची गरम भाकरी आणि हाताने फोडलेला कांदा. या एका घासासाठी मी हे तेल घरात ठेवायला तयार आहे. शेंगदाण्याचं तेल चटणीवर घातलं की चटणी शेंगदाण्याची लागायला लागते. करडईचं तेल कारळाला कारळच राहू देतं. तशी ही दोन्ही एकाच कुळातली भावंडं. सूर्यफूल, झेंडू, शेवंती, माका, डोंगरावर श्रावण-भाद्रपदात पिवळी होणारी सोनकी आणि आपल्या सगळ्यांच्या डोक्याला ताप झालेलं गाजर गवत, हे सगळं सूर्यफुलाचंच गणगोत. करडईचं पान पाहिलं तर त्यातल्या त्यात तिचं जवळचं नातं उत्कटाऱ्याशी आहे हे लगेच पटतं, काटे तसेच.

फोडणीचं तंत्र सासूबाईंनी एका वाक्यात सांगितलं होतं, “करडीचं तेल लई तापवू नये बाई, धूर निघाला की चव गेली.” ते शंभर टक्के खरं आहे. हे तेल पातळ असतं, पटकन तापतं. मोहरी तडतडली की लगेच आच कमी करून हिंग-हळद टाकायची आणि भाजी घालायची. पालेभाज्या, वरण, पिठलं, पोहे, उसळी यांना तेल कमी लागतं आणि वर तवंग जड होत नाही. भरल्या वांग्याला किंवा झणझणीत रश्श्याला मात्र मला शेंगदाण्याचंच तेल बरं वाटतं. तिथे तेलालाही स्वतःची चव लागते.

तळणाचं सांगते. पुऱ्या तळताना या तेलाला फेस येतो, आणि दुसऱ्यांदा तापवलं की फेस आणखी वाढतो. खरा त्रास नंतर. कढईच्या काठाला तांबूस, चिकट थर धरतो. तो साबणाने निघत नाही, काथ्याने खरवडावा लागतो. बरणीच्या तोंडाशीही तेच होतं. सांडलेला ओघळ पुसला नाही तर आठवड्याभरात झाकण चिकटून बसतं आणि बोटाला डिंक लागल्यासारखं वाटतं.

यात भेसळ वगैरे काही नाही, करडईच्या तेलाचा हा स्वभावच आहे. नेहमीच्या वाणांच्या तेलात सत्तर-पंचाहत्तर टक्के लिनोलेइक आम्ल (ओमेगा-६ प्रकारचं स्निग्ध आम्ल) असतं, आपल्या खाण्याच्या तेलांमध्ये हे प्रमाण सगळ्यात वरच्या रांगेतलं. लिनोलेइक आम्ल हवेतल्या ऑक्सिजनशी सहज जोडलं जातं, उष्णता मिळाली तर आणखी भराभर, आणि जोडलं गेलं की तेलाचे रेणू एकमेकांत गुंतून पापुद्रा तयार होतो. याच गुणामुळे करडईचं तेल रंग आणि वार्निश बनवायला वापरतात. जवसाच्या तेलाने पांढरा रंग काळांतराने पिवळा पडतो, करडईच्या तेलाने तो तितका पडत नाही, म्हणून चित्रकारांच्या पांढऱ्या तैलरंगात ते असतं. रंगाला जे हवं तेच तळणाला नको. ओलेइक आम्ल जास्त असलेले करडईचे वाणही आता आहेत. त्यांचं तेल उष्णतेला चांगलं टिकतं, पण घाणेवाल्याकडे आलेलं बी कोणत्या वाणाचं आहे हे त्यालाही सहसा माहीत नसतं. मी तरी प्रत्येक वेळी नेहमीचं वाण आहे असंच धरून चालते.

साठवण त्यावरूनच ठरते. प्लॅस्टिकचा पाच लिटरचा कॅन नको. स्टीलचं घट्ट झाकणाचं भांडं किंवा गडद काचेची बाटली, गॅसपासून लांब, आणि रोजच्या वापरापुरतं छोट्या बुधलीत. पावसाळ्यात आणि थंडीत तेल छान राहिलं. मार्च लागल्यापासून मात्र महिना उलटला की वासात फरक पडतो. आधी बियांची ती झाक जाते, मग जुन्या ऑइल पेंटसारखा वास डोकावायला लागतो. तो वास आला की तेल खाऊ नका, दिव्याला वापरा.

आता पैशांचं. करडईच्या बियांत तेल साधारण तीस टक्क्यांच्या आसपास, आणि लाकडी घाण्यात त्यातलं सगळं काही निघत नाही. एक लिटर तेलाला चार किलोच्या आसपास बी लागतं असं धरा. २०२५-२६च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडईचा हमीभाव ५,९४० रुपये क्विंटल होता, म्हणजे चार किलो बियांचेच दोनशे चाळीसच्या आसपास होतात. त्यावर घाण्याची मजुरी, वीज, वाहतूक, बाटली. पेंड विकून घाणेवाल्याला थोडं परत मिळतं, तरी दोनशे रुपयांत “शुद्ध घाण्याचं करडई तेल” देणारा माणूस काय देत असेल ते तुम्हीच ठरवा. मीही एकदा प्रदर्शनात स्वस्त मिळालेली बाटली आणली होती. थंडीत तिच्या तळाशी पांढरट घट्ट थर बसला. करडईचं तेल फ्रिजमध्ये ठेवलं तरी वाहतं राहतं. घाण्याच्या तेलात जरा धूसरपणा येतो, पण गोठून थर बसत नाही. असा थर पामतेलाची शंका घ्यायला पुरेसा आहे. सोयाबीनचं तेल मिसळलं असेल तर मात्र या युक्तीने काही कळत नाही. त्यावर एकच उपाय, डोळ्यांसमोर काढून घेणं.

दुकानातल्या पाकीटबंद तेलांच्या बाबतीत पुढच्या बाजूचं करडईचं फूल पाहून भुलू नका, मागची बारीक अक्षरं वाचा. मिश्र तेल असेल तर कोणतं तेल किती टक्के ते छापावंच लागतं, आणि मिश्रणात करडईचं तेल वीस टक्केच असलं तरी ते नियमात बसतं.

हृदयासाठी उत्तम, कोलेस्टेरॉल घटवतं, या दाव्याबद्दल मला जरा ठामपणे बोलायचं आहे, कारण आमच्याकडे हे तेल याच एका कारणाने पहिल्यांदा सुचवलं गेलं. कोलेस्टेरॉल कमी होतं हे खरं आहे. पण सिडनीमध्ये १९६६ ते १९७३ या काळात, नुकताच हृदयाचा त्रास होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली होती. एका गटाला लोणी-चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईच्या तेलाचं मार्गारीन (लोण्यासारखा घट्ट पदार्थ) दिलं होतं. त्या जुन्या नोंदी २०१३ मध्ये पुन्हा तपासून प्रसिद्ध झाल्या, तेव्हा करडईच्या गटात कोलेस्टेरॉल घटूनही मृत्यू जास्त झाल्याचं दिसलं. त्या काळच्या मार्गारीनमधले ट्रान्स फॅट हे त्याचं एक कारण असू शकतं असा आक्षेप अनेकांनी घेतला, आणि लिनोलेइक आम्लाच्या बाजूने बोलणारी इतर संशोधनंही आहेत. मी त्यातून एवढंच घेतलं की हे औषध नाही, तेल आहे. यात ओमेगा-६ भरपूर आणि ओमेगा-३ जवळजवळ नाहीच. म्हणून आमच्याकडे आता करडईच्या जोडीला शेंगदाणा असतो, आणि जवसाची चटणी ताटात नेमाने असते. डॉक्टरांनी काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका, माझं नको.

तेलाच्या निमित्ताने करडईची बाकी अंगंही वापरून पाहिली. कोवळ्या पाल्याची भाजी ही खरी मेजवानी. पेरणीनंतर विरळणी करताना उपटलेली रोपं पहिल्या महिनाभरात मिळाली तरच घ्या, पुढे पानांच्या कडा काट्यांनी भरतात. भिजवलेली मूगडाळ, भरपूर लसूण, सुकी मिरची आणि अर्थात करडीचंच तेल. चव किंचित उग्र, मेथीइतकी कडू नाही. पुण्यात ती क्वचित दिसते, दिसली की मी सोडत नाही.

पाकळ्यांचा चहा मला तितका भावला नाही. वाळलेल्या फुलांची चिमूट गरम पाण्यात टाकली की पाणी लगेच पिवळं होतं, चव गवताळ, सौम्य. साखरभातात रंगाला बरी, पण केशर म्हणून कुणी विकत असेल तर सावध राहा, आणि पारखायचं असेल तर एक काडी पाण्यात भिजवून भिंगाखाली धरा. करडईच्या बोंडात सूर्यफुलासारख्या बाहेर पसरलेल्या पाकळ्या नसतातच. जे आपण पाकळ्या म्हणून खुडतो ती प्रत्येक काडी म्हणजे एक पूर्ण फूल असतं: खाली केसासारखी बारीक नळी, वर पाच अरुंद फाटे आणि त्यांच्या मधून वर आलेली पिवळी दांडी. केशराची काडी एका टोकाला कर्ण्यासारखी रुंदावत जाते, तिला पाच फाटे नसतात. एकदा पाहिलं की पुन्हा फसणार नाही. गरोदर बायकांनी हा चहा टाळावा, आणि ज्यांना शेवंती किंवा गाजर गवताची ॲलर्जी आहे त्यांनीही.

हे तेल महाग का, याचं उत्तर शेतात आहे. एकेकाळी मराठवाडा-सोलापूरच्या काळ्या रानात ज्वारी-हरभऱ्याच्या कडेने करडईचे पाटे असायचे. जनावरं काट्यांना भिऊन आत शिरायची नाहीत आणि वर्षाचं तेलही व्हायचं. पीक तर असं गुणी की सोटमूळ दोन-तीन मीटर खोल जातं, परतीच्या पावसाच्या ओलीवर पाण्याच्या पाळीशिवाय तयार होतं. पण काढणीला मजूर हात लावायला तयार नसतात. पहाटे, दवाने काटे मऊ असताना, हातापायांना फडकी गुंडाळून काढणी करावी लागते, ऊन चढलं की काम थांबतं. त्यापेक्षा हरभरा सोपा, म्हणून रानं तिकडे गेली. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी-६ सारखे बिनकाट्यांचे वाण काढले, परभणी आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठांनी परभणी कुसुम, भीमा असे वाण दिले, आणि आता हार्वेस्टरनेही काढणी होते. म्हणजे काट्यांचा प्रश्न सुटण्यातला आहे. गिऱ्हाईक मात्र आपल्यालाच व्हावं लागेल. घाण्याच्या तेलाला जास्त पैसे मोजताना माझा हात आखडत नाही तो यासाठी.

तुम्हाला सुरू करायचं असेल तर आत्ताच वेळ आहे. नवी करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि होळीनंतर मोंढ्यात भरपूर असते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून बी घेता आलं तर उत्तम. दाणा पांढराशुभ्र, टपोरा हवा, दाताखाली फोडल्यावर आतला गर भरलेला आणि गोडसर लागला पाहिजे. काळपट किंवा पोचट दाणे जास्त असतील तर घेऊ नका. बी सालासकट चांगलं टिकतं, तेल टिकत नाही, म्हणून वर्षाचं बी कोरड्या डब्यात भरून ठेवायचं आणि लागेल तसं आठ-दहा किलो घाण्यावर न्यायचं. आधीचं शेंगदाणा किंवा खोबरं घाण्यात उरलेलं नाही ना, तेवढं समोर उभं राहून पाहा. आणि पेंड मागून घ्या. सालामुळे ती चोथट असते, चवीलाही कडवट, जनावरं थोडीच खातात, पण भिजवून कुजवून कुंड्यांना घातली तर गुलाबाला फार मानवते.