अर्क क्रीममध्ये घालावा की जेलमध्ये?

डिचोली-फोंड्याकडे कोरफड, हळद, कडुनिंब वापरून घरगुती प्रसाधनं करू पाहणाऱ्या बायकांचा पहिला प्रश्न हाच असतो. गोव्याच्या दमट हवेत जेल हलकं वाटतं, चिकचिक होत नाही, त्यामुळे मन तिकडेच ओढतं. पण माझं म्हणणं, अर्क कशात विरघळतो ते आधी बघा.

कोरफडीचा गर किंवा पाण्यात काढलेला अर्क जेलला मानवतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि कोकमाचं मुठेल (बियांचं घट्ट तेल) तर निव्वळ स्निग्ध. या दोघांना क्रीमच हवं.

कार्बोपॉलचं (पाणी घट्ट करणाऱ्या पावडरीचं) जेल क्षारांच्या बाबतीत फार हळवं असतं. कोरफडीत क्षार असतातच, त्यामुळे गर सढळ हाताने ओतला की छान जमलेलं जेल पातळ होतं. क्रीमचं दुखणं वेगळं: ते फुटतं, तेल आणि पाणी वेगळं होतं. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे नमुना गरगर फिरवणाऱ्या यंत्रात, मिनिटाला 3000 फेऱ्यांनी अर्धा तास फिरवलं की कच्चं क्रीम तिथेच उघडं पडतं. पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, दोन्हींचा तपासायचा. आयएस 6608 हे त्वचेच्या क्रीमचं मानक 4 ते 9 पर्यंत मुभा देतं, पण त्वचा स्वतः आम्लधर्मी असते, म्हणून मी 5 ते 6 च्या आतच राहते. हळद असेल तर हे जास्तच सांभाळा. पीएच 8 च्या वर गेला की पिवळा रंग तांबूस व्हायला लागतो.

सगळ्यात मोठी फसगत होते जंतुरोधक चाचणीत. अगारच्या (जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थराच्या) थाळीवर जंतू पसरतात, खळगा पाडून त्यात नमुना भरतात आणि दुसऱ्या दिवशी भोवतीचं जंतू न वाढलेलं वर्तुळ मोजतात. जेलमधला अर्क पाणीदार अगारमध्ये सहज झिरपतो, वर्तुळ मोठं येतं. क्रीममधला तेलात अडकून बसतो, वर्तुळ छोटं येतं. तोच कडुनिंब, तेवढंच प्रमाण, तरी कागदावर जेल जिंकतं! त्वचेवर कोण सरस, हे त्यावरून कळत नाही. शिवाय प्रिझर्व्हेटिव्ह स्वतःही जंतू मारतं. म्हणून अर्क न घातलेला कोरा बेस शेजारच्या खळग्यात हवाच हवा. त्याचंही वर्तुळ तेवढंच आलं, तर श्रेय कडुनिंबाला देता येणार नाही. कोऱ्या बेसशिवायचे रिपोर्ट मी पाहिले आहेत. त्यांच्या भरवशावर कुणीतरी साठवलेले पैसे घालतं, याचं फार वाईट वाटतं.

टिकाऊपणासाठी नमुने 40 अंश सेल्सिअस आणि 75 टक्के आर्द्रतेत ठेवतात. आपल्या पावसाळ्यात घरातली हवासुद्धा तेवढी ओलसर असते, तेव्हा ही चाचणी टाळू नका. जेलमध्ये बहुतेक पाणीच, म्हणून बुरशीची धास्ती तिथे मोठी; 'नैसर्गिक आहे' म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह गाळायचं नाही. बरणीत बोटं बुडतात, ट्यूब घ्या.

नुसती कोरफड असेल आणि हाताशी पैसे थोडे असतील, तर जेलपासून सुरुवात करा: तापवणं, घोटणं कमी, चुकलं तरी नुकसान थोडं. हळद किंवा मुठेल हवंच असेल, तर थोडं थांबून क्रीम शिका. आणि विकण्याआधी 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखालचा उत्पादन परवाना लागतो. त्याची चौकशी बांबोळीच्या अन्न व औषध प्रशासनात पहिल्याच आठवड्यात करून या.