पहिल्या सॉकेटात कोणती ट्यूब: १२एएक्स७, ५७५१, १२एवाय७ की १२एयू७?

फेंडर ब्लूज ज्युनियरसारख्या १५ वॅटच्या, काचेच्या ट्यूबवर चालणाऱ्या गिटार-अँपमध्ये व्हॉल्यूम दोनवरून तीनवर नेला की आवाज अंगावर येतो आणि स्वच्छ सूर फाटायला लागतो. नॉबचा उरलेला सगळा फेरा घरात वापरताच येत नाही. यावर सोल्डरिंग न करता, कधीही मागे फिरता येईल असा उपाय म्हणजे प्रीअँपची (सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाची) पहिली ट्यूब बदलणे. गिटारचा सिग्नल सगळ्यात आधी तिच्यातून जातो, त्यामुळे तिथला फरक पुढे सगळीकडे पोचतो.

खालच्या चारही ट्यूबना नऊच पिना आहेत आणि हीटरची (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेची) जोडणीही तीच. मू म्हणजे ट्यूबची वाढवण्याची कमाल क्षमता, गेन म्हणजे सर्किटात सिग्नल प्रत्यक्षात किती पट वाढतो ते, डीबी म्हणजे डेसिबल. गेनचे आकडे नेहमीच्या सर्किटचे आहेत, म्हणजे प्लेटला (सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकाला) १०० किलो-ओहम आणि कॅथोडला (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाला) दीड किलो-ओहम, सोबत कपॅसिटर. ते अंदाजी समजावेत.

| ट्यूब | मू | टप्प्याचा गेन | घट |
|---|---|---|---|
| १२एएक्स७ | १०० | ६० | – |
| ५७५१ | ७० | ४४ | सुमारे ३ डीबी |
| १२एवाय७ | ४४ | ३५ | सुमारे ५ डीबी |
| १२एयू७ | १७ ते २० | १५ | सुमारे १२ डीबी |

५७५१ लावून ‘अँपच बदललं’ असं वाटेल ही अपेक्षा ठेवू नये. तीन डीबी म्हणजे नॉब जरासा पुढे. पण तिचा अंतर्गत रोध १२एएक्स७च्या जवळपास असल्याने बायस (सिग्नल नसतानाचा ट्यूबचा कामाचा बिंदू) फारसा हलत नाही, टोन तोच राहतो आणि फाटणं थोडं उशिरा सुरू होतं. सिंगल-कॉइल (एका वेटोळ्याचा, कमी जोराचा) पिकअप असेल आणि अँप आवडत असेल, फक्त जरा तापट वाटत असेल, तर हीच घ्यावी. हीटरला ३०० ऐवजी ३५० मिलीअँपिअर लागतात. एका ट्यूबपुरती ती चिंता नाही.

हमबकर (दोन वेटोळ्यांचा, जास्त जोराचा पिकअप) वाजवणाऱ्याला आमचा कौल १२एवाय७. १९५० च्या दशकातल्या ट्वीड डीलक्स ५ई३ मध्ये आणि बासमन ५एफ६-ए मध्ये पहिल्या जागी कारखान्यातूनच ती येत असे. मार्शलने बासमनवरून जेटीएम४५ बनवला तेव्हा त्या जागी ईसीसी८३, म्हणजेच १२एएक्स७ बसवली. त्या अँपचा सूर लवकर फाटतो याचं हे एक कारण. १२एवाय७ने नॉबचा फेरा वापरण्याजोगा होतो आणि पेडल सरळ बसतात. तोटा एवढाच की फक्त अँपच्या जोरावर घाण ओव्हरड्राइव्ह (फाटलेला सूर) हवा असेल तर तो हातचा जातो.

१२एयू७ कागदावर मोहक दिसते, कानाला बहुतेक वेळा निराश करते. तिला ग्रिडवर (सिग्नल आत येतो त्या टोकावर) बराच जास्त ऋण बायस हवा असतो आणि दीड किलो-ओहमवर तो मिळत नाही. प्लेटचा व्होल्टेज खाली बसतो, सूर चपटा होतो. ‘रात्री हळू वाजवता येईल’ म्हणून ती घेणाऱ्याने मास्टर व्हॉल्यूम कमी करावा, पैसे वाचतील.

फेंडरच्याच डीलक्स रिव्हर्ब अँपवाल्यांची नेहमीची फसगत वेगळी. मागून पाहिलं तर अगदी उजवीकडची व्ही१ (पहिली ट्यूब; पुढच्या व्ही२, व्ही३ अशा) नॉर्मल चॅनलची असते. गिटार व्हायब्रेटो चॅनलला लावली असेल तर बदलायची ती व्ही२. रिव्हर्ब (घुमणारा प्रतिध्वनी) फार ओला, म्हणजे जास्त, वाटत असेल तर व्ही३ मधल्या १२एटी७ऐवजी १२एयू७ चालते, इथे ती खरोखर कामाची आहे. १२एएक्स७ मात्र तिथे नको, त्या जागेला करंट लागतो. व्ही५ मध्ये कमी गेनची ट्यूब घातली तर ट्रेमोलो (आवाज लयीत कमी-जास्त होणं) मंदावतो किंवा बंदच पडतो.

बदलताना अँप बंद करून प्लग काढा आणि १५ मिनिटं थांबा. धातूचं आवरण असल्यास वर दाबून डावीकडे फिरवलं की निघतं. ट्यूब बारीक गोल हलवत सरळ ओढा. एका बाजूला वाकवली तर पिना वाकतात, काच तडकते. पहिल्या आणि नवव्या पिनेमधली मोठी फट सॉकेटशी जुळवा, जोर लावू नका. ब्लूज ज्युनियरमध्ये ईएल८४ ही पॉवर ट्यूबही नऊ पिनांचीच असते, फक्त उंच. तिच्या सॉकेटात १२एएक्स७ गेली तर प्लेटचा मोठा व्होल्टेज थेट ग्रिडवर येतो. म्हणून एका वेळी एकच ट्यूब बाहेर.

मिनिटभर तापू द्या, मग पेन्सिलीच्या रबरी टोकाने काचेवर हलकी टिचकी मारा. किंचित ‘टिंग’ चालतं. घंटेसारखं घुमत राहिलं तर ट्यूब मायक्रोफोनिक आहे, म्हणजे धक्के आवाजात बदलते. कॉम्बोत (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) स्पीकर शेजारीच असल्याने ती शिट्टी मारणारच. तिला शेवटच्या, फेज इन्व्हर्टरच्या (पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणाऱ्या) जागी हलवा, तिथे बहुधा खपून जाते. खरखर आली तर आधी सॉकेट पुसा, ट्यूबला दोष नंतर.

तुलना करताना लूपरवर (वाजवलेलं पुन्हा पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलवर) एकच ओळ वाजवत ठेवा आणि प्रत्येक ट्यूबनंतर आवाजाची पातळी सारखी करा. नाहीतर मोठा आवाज तोच चांगला वाटतो. ब्रँडमधला फरक यापुढे किरकोळ आहे. सोव्हटेक, टंग-सोल आणि इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही तिन्ही नावं रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्यातून येतात. काढलेली १२एएक्स७ डब्यात जपून ठेवा. पुढे कुठली ट्यूब कुरकुरते हे शोधायला चालू असलेली एक हाताशी लागतेच.