सीडीएनचे आठ महिने : वेग आला, पण कॅशेला शिस्त लावल्यावर

आठ महिन्यांपूर्वी माझ्या वेबसाइटपुढे सीडीएन बसवलं, म्हणजे फाइलींच्या प्रती साठवून (कॅशे करून) वाचकाजवळून देणारं सर्व्हरचं जाळं. नेमसर्व्हर बदलले, ट्रॅफिक तिकडून यायला लागलं, आणि मी निश्चिंत झालो. पहिल्या आठवड्यात फरक मात्र जेमतेमच. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये एकेक फाइल उघडून हेडर (फाइलीसोबत येणाऱ्या सूचना) पाहिले, तर जिकडेतिकडे 'मिस', म्हणजे साठवलेली प्रत सापडलीच नाही. एज सर्व्हर, म्हणजे सीडीएनचा वाचकाजवळचा सर्व्हर, दर वेळी मूळ सर्व्हरकडेच धावत होता, कारण माझाच सर्व्हर प्रत्येक फाइलवर 'नो-स्टोअर' (साठवू नका) लिहून पाठवत होता.

मग चित्रं, सीएसएस, फॉन्ट यांना वर्षभराची मुदत दिली : मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद. फाइल बदलली की तिच्या नावातला हॅश (मजकुरावरून बनलेला कोड) बदलतो, त्यामुळे जुनी आवृत्ती चिकटून राहत नाही. तिथून साइट खरोखर पळायला लागली, विशेषतः दूरच्या वाचकांकडे. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. वाचक १०,००० किलोमीटरवर असेल तर जाऊन-येऊन किमान १०० मिलिसेकंद गेलेच. नव्या जोडणीत टीसीपीची (जोडणी जुळवण्याची) एक फेरी, टीएलएस १.३ ची (एन्क्रिप्शन ठरवण्याची) एक, मग मागणीची एक. सर्व्हर कितीही तगडा घ्या, या तीन फेऱ्या चुकत नाहीत. एज जवळ असला की त्या आखूड होतात.

तिसऱ्या महिन्यात मी एचटीएमएलही, म्हणजे खुद्द पानंही, कॅशे केलं, आणि ती मोठी चूक होती. लॉगिन केलेल्या एका सदस्याचं पान कॅशेत गेलं आणि दुसऱ्याच माणसाला वरच्या कोपऱ्यात त्या सदस्याचं नाव दिसलं. स्क्रीनशॉट आला तेव्हा पोटात गोळा आला. लगेच सगळी कॅशे पर्ज केली (पुसून टाकली), त्या सदस्याला स्वतः कळवलं. आता सेशन कुकी (लॉगिन केल्याची खूण) दिसली की कॅशे बायपास होते, आणि अशा पानांवर 'प्रायव्हेट, नो-स्टोअर' असतंच.

सुरक्षेच्या बाबतीत समाधानी आहे. लॉगिनच्या पानावर पासवर्ड आजमावणारे बॉट रेट लिमिटने (ठरावीक वेळेतल्या मागण्यांवरच्या मर्यादेने) बरेच आवरले. पण एका जुन्या सबडोमेनच्या डीएनएस नोंदीत (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या नोंदीत) मूळ सर्व्हरचा आयपी पत्ता उघडा राहिला होता, आणि लॉगमध्ये सीडीएनला वळसा घालून थेट आलेल्या मागण्या सापडल्या. फायरवॉलमध्ये फक्त सीडीएनचे आयपी ठेवले, तेव्हा त्या थांबल्या. सीडीएन ते मूळ सर्व्हर हा टप्पाही एचटीटीपीएसवरच ठेवा. ब्राउझरमधलं कुलूप त्या टप्प्याबद्दल काहीच सांगत नाही.

शोधाची पानं अजून रेंगाळतात. तिथला वेळ डेटाबेसमध्ये जातो, त्यामुळे सध्या त्याचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) तपासतोय.