ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर, बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर: सर्व्हिसहून आलेल्या गाडीला आधी हाच लावतो

हा छोटा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड फोनवर दाखवणारा) घेऊन बरेच महिने झाले आणि आज लिहायला बसलोय ते रागातून, कारण गाडी दुरुस्तीला देताना जे ठीक असतं ते परत येताना बिघडलेलं असतं आणि काउंटरवरचा माणूस शांतपणे सांगतो की सर, आम्ही स्कॅन केलं, काहीच फॉल्ट नाही. या वाक्याला उत्तर द्यायला माझ्याकडे आधी काही नव्हतं, आता आहे. स्पेक्स सगळ्यांना माहीत आहेत, सोळा पिनांचं सॉकेट, फोनवर अ‍ॅप, कोड वाचतो कोड पुसतो, ते परत लिहीत नाही.

झालं असं की अधिकृत वर्कशॉपमध्ये क्लच बदलून घेतला. पुढची चाकं ओढणाऱ्या गाड्यांमध्ये गिअरबॉक्स खाली घ्यायचा म्हणजे बऱ्याचदा बॅटरी, बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचा अख्खा डबा, त्याचे पाइप, वायरिंगचे कनेक्टर, गिअरबॉक्सवरची अर्थिंगची पट्टी हे सगळं आधी बाहेर काढावं लागतं. म्हणजे काम क्लचचं पण हात लागतो निम्म्या इंजिनला. क्लच उत्तम बसवलाय, पॅडल हलकं झालं, त्याबद्दल काही तक्रार नाही. पण गाडी सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा काटा वरखाली, इंजिन थरथरतंय, आणि एकदोन दिवसांत चेक इंजिनचा दिवा.

परत नेली. आधी म्हणाले पेट्रोल खराब असेल. मग आत नेली, थोड्या वेळाने बाहेर आणली, दिवा बंद, "रीसेट केलंय सर, आता नाही येणार". आला. पुन्हा नेली तर थेट ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजून इंधन-हवेचं मिश्रण कसं आहे ते सांगणारा) बदलायचं कोटेशन हातात दिलं. क्लचच्या आधी जी गाडी घड्याळासारखी चालत होती तिचा सेन्सर नेमका क्लच बदलताना कसा जातो हे कोणी सांगेना. त्या कोटेशनच्या मानाने स्कॅनरची किंमत किरकोळ होती, म्हणून घेतला.

आधी हे समजून घ्या की दिवा वर्कशॉपमध्ये बंद आणि घरी येऊन चार फेऱ्या झाल्या की चालू, असं का होतं. बरेचसे फॉल्ट ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पहिल्याच वेळी दिवा लावून सांगत नाही, पहिल्या ड्राइव्हला पेंडिंग म्हणून नोंदवतो आणि पुढच्या ड्राइव्हलाही तेच दिसलं तर दिवा लावतो. म्हणजे कोड पुसला की पुढची एकदोन ड्राइव्ह गाडी बरी झाल्यासारखी दिसते, आजार तिथेच असतो. अ‍ॅपमध्ये पेंडिंग कोडची वेगळी यादी असते, ती दिवा नसतानाही बघा. दुरुस्ती खरी झाली की नाही ते तिथे आधी कळतं.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी मी हा स्कॅनर कोणालाही घ्यायला सांगेन. लाइव्ह डेटाच्या लांबलचक यादीत खाली कुठेतरी एक ओळ असते, 'डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड', कोड पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. कोणी हिच्याकडे बघत नाही. तिच्या शेजारी बऱ्याच गाड्यांत 'वॉर्मअप्स सिन्स कोड्स क्लिअर्ड' असतं, म्हणजे तेव्हापासून इंजिन किती वेळा थंडपासून नीट गरम झालं, आणि काही गाड्यांत मिनिटंही असतात. हे सगळं ईसीयू स्वतः मोजतो, किलोमीटरचा आकडा ६५,५३५ पर्यंत जाऊ शकतो. कोणी कोड पुसले की हा शून्यावर येतो. पुढच्या वेळी मला सांगितलं की "फक्त चेक केलं, काही केलेलं नाही, कोडच नव्हता", आणि मी गेटच्या बाहेर गाडी बाजूला घेऊन बघितलं तर आकडा २ किमी. सकाळी देताना तो काही शे होता, स्क्रीनशॉट होता माझ्याकडे. शिवाय रेडिनेस मॉनिटर (ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या, कोड पुसले की त्या नव्याने सुरू होतात) सगळे 'अपूर्ण'. म्हणजे कोड होता, तो पुसला आणि नव्हता म्हणून सांगितलं. मी तसाच उलटा आत गेलो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो कारण सुरुवातीला मी हा आकडा म्हणजे पक्का पुरावा धरून चाललो होतो आणि तो नेहमी तसा नसतो. बॅटरी काढली तरी अनेक गाड्यांमध्ये हे आकडे शून्य होतात. क्लचच्या कामात बॅटरी निघालीच होती, त्यामुळे त्या पहिल्या वेळी शून्य दिसलं असतं तरी त्यात कोणाचा दोष नव्हता. म्हणून घड्याळ, रेडिओचे स्टेशन, खिडकीचं एका दाबात वर जाणं हेही बघा, यातलं काही गेलं असेल तर बॅटरी निघाली होती असं समजायचं. माझ्या दुसऱ्या वेळी घड्याळ बरोबर, खिडकी बरोबर, फक्त कोडचा आकडा शून्यावरून सुरू झालेला. याचा दुसरा अर्थ निघत नाही.

आणि कोड पुसण्याचा राग मला एवढा का, तर त्याच्याबरोबर फ्रीझ फ्रेम जातो. कोड नोंदवला गेला त्या क्षणी वेग किती, आरपीएम किती, इंजिनचं तापमान किती, लोड किती, फ्युएल ट्रिम किती, याचा फोटोच तो. निदान करणाऱ्याला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नाही आणि वर्कशॉपवाले पहिलं तेच पुसून टाकतात. दिवा पुन्हा आल्यावर मी आधी हे वाचून ठेवलं. कोड पी०१७१, म्हणजे मिश्रण पातळ, हवा जास्त इंधन कमी. फ्रीझ फ्रेममध्ये वेग शून्य, आरपीएम सातशेच्या आसपास, इंजिन पूर्ण गरम. म्हणजे त्रास गाडी उभी असताना.

मग फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म म्हणजे ईसीयू आत्ता या क्षणी इंधन किती वाढवतोय किंवा कमी करतोय, लाँग टर्म म्हणजे त्याने शिकून ठेवलेली दुरुस्ती. दोन्हींची बेरीज बघायची, एकटा लाँग टर्म बघू नका, कारण कोड नुकताच पुसला असेल तर तो शून्यापासून सुरू होतो आणि सगळा भार शॉर्ट टर्मवर दिसतो. निरोगी गाडीत बेरीज शून्याच्या आसपास, पाचदहा टक्के इकडेतिकडे चालतं. माझी आयडलवर (गाडी उभी, इंजिन चालू, पाय काढलेला) अधिक २१ आणि आरपीएम २५०० ला धरून ठेवला की अधिक ४. हा पॅटर्न थ्रॉटलनंतर (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या पुढे) कुठेतरी हवा गळतेय याचा. आयडलला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणारे पाइप) व्हॅक्यूम जोरात असतो आणि इंजिनला हवा थोडी लागते, त्यात चोरून आलेली हवा मोठा हिस्सा होते. आरपीएम वाढला की एकूण हवा एवढी असते की चोरटी हवा जाणवत नाही. उलट असतं, म्हणजे आयडलला ठीक आणि जोर टाकला की ट्रिम वाढत जातो, तर मी इंधनाचा पंप, फिल्टर किंवा मळलेला मॅफ सेन्सर (आत जाणारी हवा मोजणारा) यांच्याकडे बघितलं असतं. आणि हे सगळं मॅफवाल्या गाडीचं. मॅफ नसून फक्त मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असेल तर गळतीची हवा मॅनिफोल्डच्या दाबात धरली जाते, तिथे ट्रिम फारसा हलत नाही, आयडलचा आरपीएम वाढलेला दिसतो.

ऑक्सिजन सेन्सर खरं सांगत होता की मिश्रण पातळ आहे, आणि खरं सांगणाऱ्यालाच बदलायला निघाले होते. पी०१७१ हा पार्ट नंबर नाही. कोड फक्त लक्षण सांगतो.

गळती सापडली मॅनिफोल्डला जाणाऱ्या पीसीव्हीच्या (इंजिनच्या पोटातल्या वाफा परत ओढून घेणाऱ्या) पाइपवर, कोपऱ्याच्या खालच्या बाजूला चीर, वरून अजिबात दिसत नाही. एअर फिल्टरचा डबा काढताना हाच पाइप वाकवावा लागतो. फोन शेजारी ठेवून चिरेवर बोट दाबलं आणि शॉर्ट टर्म ट्रिम काही सेकंदांत खाली यायला लागला, बोट काढलं की वर. (पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवा. आणि गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारून गळती शोधायचा सल्ला ऐकू नका, आग लागते.) हेच मी फोरमनला दाखवलं, सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला नाही. फोरमनने काही वाद घातला नाही, स्वतः बोट लावून बघितलं, म्हणाला पाइप उष्णतेने कडक झाला होता, काढताना गेला असणार, आणि पैसे न घेता नवीन टाकून दिला. त्याचं म्हणणं मला पटतं. जुने पाइप हाताळले की जातात, कोणाच्याही हातून जातील. पण मग ते सांगायचं ना, की दादा हा पाइप चिरला, बदलावा लागेल. मी आनंदाने पैसे दिले असते. त्याऐवजी चूक झाकायला दोनदा कोड पुसला आणि भलत्याच सेन्सरचं कोटेशन दिलं, हे मला सहन होत नाही.

इथपर्यंत पाच स्टार देणार होतो. मग चाकाचं बेअरिंग आलं.

मागच्या चाकाचा घूं आवाज होता म्हणून त्याच वर्कशॉपमध्ये बेअरिंग बदललं. आवाज गेला, एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा आला. स्कॅनर लावला तर अ‍ॅप हिरव्या अक्षरात सांगतं, कोणताही फॉल्ट नाही. समोर दिवा जळतोय आणि हा म्हणतो फॉल्ट नाही! या स्कॅनरचा सगळ्यात मोठा दोष हाच आहे आणि मी त्याच्यावर जोर देऊन लिहितोय, कारण नवीन माणूस तो हिरवा मेसेज वाचून निर्धास्त होईल. त्याचा अर्थ फक्त इंजिनच्या प्रदूषणाशी संबंधित कोड नाहीत, एवढाच. ओबीडी-२ आलंच मुळात धुराच्या नियमांसाठी, अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं, त्यामुळे प्रत्येक कंपनीला सारख्या भाषेत द्यावी लागते ती इंजिनची माहिती. एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग यांचे मोड्यूल प्रत्येक कंपनी आपल्या भाषेत बोलते. अ‍ॅपने निदान "एबीएस तपासलं नाही" असं लिहायला काय हरकत होती? ब्रेकच्या बाबतीत असला अर्धवट दिलासा मला धोकादायक वाटतो. तेव्हा मनातल्या मनात याला दोन स्टारवर आणलं.

वर्कशॉपचं म्हणणं सेन्सर गेला. मित्राकडचा सगळे मोड्यूल वाचणारा मोठा स्कॅनर आणला, चारही चाकांचे वेग एकत्र लावले आणि गाडी हळू चालवली. तीन चाकं सारखी, चौथं शून्य. आता यात सेन्सर, त्याची वायर आणि ज्याच्याकडे बघून सेन्सर मोजतो ती रिंग, तिघंही संशयित. हल्लीच्या अनेक बेअरिंगमध्ये ही रिंग म्हणजे एका बाजूच्या सीलमध्येच बसवलेला चुंबकीय पट्टा असतो. दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्या काळ्या, आणि बेअरिंग उलटं दाबलं तर चाक मस्त फिरतं, आवाज नाही, फक्त सेन्सरसमोर चुंबकच नाही. कनेक्टर आणि वायर ठीक होती, दुसऱ्या बाजूचा सेन्सर अदलाबदल करून बघायला लावला, शून्य त्याच चाकावर राहिलं. म्हणजे सेन्सर निर्दोष. उलटं बसलेलं बेअरिंग दाबून काढलं की ते सहसा पुन्हा वापरत नाहीत, नवीनच टाकावं लागतं, म्हणूनच बहुतेक सेन्सरवर ढकलत होते. कामावरच्या वॉरंटीत नवीन घ्यायला लावलं, एक रुपया दिला नाही.

हार्डवेअरबद्दल थोडक्यात. माझा ईएलएम३२७ या मूळ चिपची नक्कल आहे, स्वस्तातले जवळपास सगळे तसेच असतात. 'व्हर्जन १.५' लिहिलेलं बघून भुलू नका, मूळ चिपचं असं व्हर्जन निघालंच नव्हतं. कोड वाचायला पुरतो, पण एकदम खूप ग्राफ लावले की आकडे अडखळत येतात, म्हणून दोनतीनच ओळी निवडतो. आणि गाडी बंद केली की काढून ठेवा, सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनला कायम बॅटरीचा करंट असतो, उभ्या गाडीत हा गुपचूप बॅटरी पीत राहतो. त्याच पिनवरून व्होल्टेज दिसतं, ते मात्र कामाचं. रात्रभर उभ्या गाडीत साधारण १२.६, इंजिन चालू असताना १४ च्या आसपास (नव्या गाड्यांत अल्टरनेटर ईसीयू चालवतो, तिथे वरखाली होतं). गिअरबॉक्स उतरवल्यानंतर स्टार्टर जड फिरतोय असं वाटलं तर मात्र मल्टिमीटरच घ्या, बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात सेल मारताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी नीट आवळलेली नाही.

आता गाडी देण्याआधी गेटवरच कोड, पेंडिंग, रेडिनेस आणि ती किलोमीटरची ओळ यांचे स्क्रीनशॉट काढतो आणि जॉब कार्डवर लिहून घेतो की कोड पुसण्याआधी रिपोर्ट प्रिंट करून द्यावा. हे लिहिल्यापासून अ‍ॅडव्हायझर बोलतो वेगळं. सध्या ट्रिम अधिक २, मॉनिटर सगळे पूर्ण, फक्त इव्हॅप (टाकीतल्या पेट्रोलच्या वाफा गळत नाहीत ना, ते बघणारी टेस्ट) राहिलाय, टाकी फार भरलेली किंवा फार रिकामी असली की ती टेस्ट बऱ्याच गाड्यांत सुरूच होत नाही, त्यामुळे त्याची काळजी नाही. दोनवरून पुन्हा चार स्टारवर आलोय. पाचवा त्या हिरव्या मेसेजमुळे गेला आणि अ‍ॅप बदलेपर्यंत मिळणार नाही.