थार, जिम्नी की गुरखा : कंपनीआधी गाडीची खोड बघा

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर देणारी गाडी, घ्यायची ठरवली की पुण्यात सल्ल्याला तोटा नाही. समोर तीन गाड्या असतात: महिंद्राची थार, फोर्सची गुरखा आणि मारुती सुझुकीची जिम्नी. थारवाला थारच घे म्हणतो, गुरखावाला बाकी सगळं खेळणं ठरवतो, जिम्नीवाला वजनाचं गणित मांडतो. तिघंही मनापासून बोलत असतात. अडचण एवढीच की तिघंही आपापल्या गाडीच्या खोडीला इतके सरावलेले असतात की ती खोड आहे हेच त्यांच्या लक्षात येत नाही. नव्याने घेणाऱ्याला नेमकी तीच कळायला हवी असते. म्हणून इथे ताकद आणि फीचर्स थोडक्यात उरकतो आणि खोडींवर जास्त बोलतो.

आधी ही निष्ठा येते कुठून ते बघू, कारण ती पोकळ नाही. सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या घरांनी महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप वापरली किंवा वडापच्या जीपला लटकून शाळा केली, त्यांच्या डोक्यात जीप म्हणजे महिंद्रा हे पक्कं बसलेलं आहे. फोर्स तर पुण्याचीच. १९५८ मध्ये फिरोदियांनी उभी केलेली बजाज टेम्पो २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली. मॅटाडोर आणि ट्रॅक्स बनवणारी ही कंपनी आकुर्डीची, त्यामुळे चिंचवड-निगडीच्या अनेक घरांतून कुणीतरी तिथे कामाला होतं आणि त्या घरातल्या माणसाला गुरखाबद्दल वाकडा शब्द सहन होत नाही. जिम्नीवाल्यांमध्ये मारुतीच्या जुन्या जिप्सीचे मालक बरेच. १९८५ पासून जिप्सीने हलकी गाडी कुठपर्यंत जाते हे दाखवून दिलं, आणि त्यांचा हट्ट आजही तोच आहे.

या निष्ठेची खरी किंमत मात्र अनुभवात आहे. दोन-तीन थार वापरलेल्या माणसाला कुठला आवाज नेहमीचा आणि कुठला धोक्याचा हे कानाने कळतं. ही पुंजी नवख्याकडे नसते, ती उसनी घ्यावी लागते. त्यामुळे ज्यांच्याबरोबर तुम्ही रानात जाणार, त्यांना कोणती गाडी आतून माहीत आहे, याला मी ब्रोशरमधल्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त वजन देईन.

आता खोडींकडे. जुलैत वेल्ह्याच्या बाजूला काळ्या चिखलातली चढण, त्यात आडवी चर, आणि मागचं एक चाक हवेत. तिघींमधला फरक इथे स्वच्छ दिसतो. डिफरेन्शियल म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी गिअरपेटी. ती उघडी, म्हणजे लॉक नसलेली, असेल तर जोर सोप्या वाटेने जातो: हवेतलं चाक गरगर फिरतं, जमिनीवरचं हलत नाही.

थारच्या काही वरच्या मॉडेलमध्ये मागे मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल आहे. त्याला बटण नाही. दोन चाकांच्या वेगात पुरेसा फरक पडला की ते आपोआप लॉक होतं, दोन्ही चाकं एकत्र फिरू लागतात आणि खालून जोरात ठक्क आवाज येतो. नवखा माणूस तो आवाज ऐकून घाबरतो, पाय उचलतो, लॉक सुटतं आणि गाडी पुन्हा जिथल्या तिथे. पाय स्थिर ठेवायचा, आवाज येऊ द्यायचा. जिम्नीत लॉक नाहीच. फिरणाऱ्या चाकाला गाडी स्वतः ब्रेक लावते आणि जोर दुसऱ्या चाकाकडे वळवते. चाक फिरतं, कर्रकर्र होतं, क्षणभर काही घडत नाही, आणि मग गाडी सरकते. त्या क्षणी धीर सोडणारे जिम्नीला कमकुवत ठरवून मोकळे होतात. गुरखात मात्र पुढचं आणि मागचं, दोन्ही लॉक तुमच्या हातात. चढण सुरू व्हायच्या आधी लावा आणि निघा, चाकांना फिरायची वेळच येत नाही. पण पुढचं लॉक लावल्यावर स्टीअरिंग दगडासारखं जड होतं, आणि डांबरावर आल्यावर लॉक काढायला विसरलात तर टायर घासतात, ॲक्सलवर ताण येतो. थार आणि जिम्नी तुमच्यासाठी बरंच काही ठरवतात, गुरखा ठरवायचं काम तुमच्यावर टाकते. चुकायला तयार असणाऱ्यालाच ती शिकवते.

आकडे चटकन सांगतो. ग्राउंड क्लिअरन्स थारचा २२६ मिमी, जिम्नीचा २१०, २०२४ च्या गुरखाचा २३३. पाण्यातून जायची कंपनीने दिलेली मर्यादा थारला ६५० मिमी, गुरखाला ७००, आणि गुरखाला स्नॉर्केल, म्हणजे इंजिनासाठी उंचावरून हवा घेणारी नळी, कारखान्यातूनच येतो. लो रेंज, म्हणजे अवघड जागी सावकाश पण जोरात खेचणारे गिअर, तिघींत आहे. ताम्हिणी-पानशेत पट्ट्यात हौसेने फिरणाऱ्याला यातल्या कुठल्याही आकड्याने फारसा फरक पडत नाही.

फरक पडतो सोमवार ते शुक्रवार. बीएस-६ डिझेलमध्ये धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. ती काजळी जाळायला सलग बराच वेळ चांगल्या वेगाने गाडी पळावी लागते. कोथरूड ते हिंजवडी रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीला ते मिळत नाही, आणि मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. शिवाय ती काजळी जाळायचा प्रयत्न अर्धवट राहिला की त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल थोडंथोडं इंजिन ऑइलमध्ये उतरतं. महिन्यातून एकदा डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढून बघा. ऑइल खुणेच्या वर गेलं असेल तर खूश होऊ नका, ते वाढलेलं ऑइल नाही, डिझेल आहे. हा कंपनीचा दोष नव्हे. थार असो वा गुरखा, आजच्या कुठल्याही डिझेलला हे लागू. ज्याचा आठवडा शहरात अडकलेला आहे त्याने डिझेलच्या मोहात पडू नये, एवढं मी ठामपणे सांगेन. थारला २ लिटर पेट्रोल आहे, जिम्नी पेट्रोलच आहे.

जिम्नीचा त्रास हायवेला. १०५ पीएस आणि १३४ न्यूटन मीटर, चार माणसं आणि एसी घेऊन खंबाटकी चढायला लागलात की एक गिअर खाली घ्यावाच लागतो. स्टीअरिंग जुन्या पद्धतीच्या रीसर्क्युलेटिंग बॉलचं, वळणानंतर सावकाश सरळ होतं. एक्सप्रेस वेवर वाऱ्यात सतत थोडं थोडं सावरत राहावं लागतं. पुढे-मागे अखंड ॲक्सल असल्यामुळे खडकात ती सुंदर वाकते, पण त्याच ॲक्सलमुळे विशिष्ट वेगाला स्टीअरिंग थरथरायची तक्रार जिम्नीच्या जुन्या पिढ्यांपासून जगभर ऐकू येते. आधी व्हील बॅलन्सिंग, मग किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग, मग स्टीअरिंग डॅम्पर (थरथर शोषणारा दांडा), या क्रमाने बघायचं. थेट डॅम्पर बदलून दुखणं झाकलं जातं, जात नाही. मात्र १६४५ मिमी रुंदीची ही गाडी सदाशिव पेठेच्या बोळात शिरते आणि भातखाचरांच्या बाजूच्या अरुंद वाटेवर वळते, तिथे थारवाला मागे रिव्हर्स घेत असतो.

थारच्या तक्रारी वेगळ्या जातीच्या: पावसात छताच्या आणि दारांच्या रबरातून झिरपणारं पाणी, उघड्या बिजागऱ्या-बोल्टांवर तांबेरा, मागे बसलेल्यांची उसळणारी कंबर. यातलं काहीही तुम्हाला रस्त्यात अडकवत नाही, पण रोज दिसतं. गुरखाची उलट गत. २.६ लिटरचं मर्सिडीजच्या वंशातलं डिझेल (आता १४० पीएस, ३२० न्यूटन मीटर) ट्रॅव्हलरच्या इंजिनाच्या नात्यातलं आहे, आणि ट्रॅव्हलर म्हणजे आपल्या गावोगावच्या ॲम्ब्युलन्स आणि कंपनीच्या बस. त्यामुळे इंजिनाला हात लावणारा मिस्त्री भोरलाही सापडेल. गाडीच रस्त्यावर कमी असल्याने काच, बीडिंग, बॉडीचे बारीकसारीक भाग यांना मात्र वाट बघायची तयारी ठेवा. ऑटोमॅटिक मिळत नाही, हे घरातल्या दुसऱ्या चालकाला आधी विचारून घ्या.

निष्ठावंत मंडळी भरवशाचे पुरावे कसे वापरतात तेही बघण्यासारखं आहे. २०२१ च्या सुरुवातीला महिंद्राने कॅमशाफ्टच्या शंकेवरून १५७७ डिझेल थार परत बोलावल्या. विरोधक हे आजही काढतात. मला उलट वाटतं, दोष सांगून फुकट बदलून देणारी कंपनी बरी. जिम्नीवाले जपान पुढे करतात: भारतात बनलेली पाच दरवाजांची जिम्नी २०२५ च्या जानेवारीअखेर तिकडे जाहीर झाली आणि काही दिवसांत सुमारे ५० हजार बुकिंग आल्यावर सुझुकीने बुकिंग थांबवलं. अभिमानाची गोष्ट आहे, पण त्यातून तुमच्या जिम्नीच्या किंगपिनबद्दल काहीच कळत नाही.

मग घ्यायची कोणती? रोजचा प्रवास शहरात, घरात दोन-तीन माणसं, पावसाळ्यात शनिवार-रविवारची भटकंती: जिम्नी, डोळे झाकून. सातारा-कोकणच्या हायवेवर वारंवार जाणारा, अंगापिंडाने मोठा माणूस: थार, आणि शहरातलं रनिंग जास्त असेल तर पेट्रोल. मागे नियमित माणसं बसणार असतील तर थारच्याच पाच दरवाजांच्या रॉक्सचा विचार करा, पण तिचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २८५० मिमी, थारचा २४५०; उंचवट्याच्या माथ्यावर पोट टेकतं, आणि फोर बाय फोर फक्त डिझेलमध्येच आहे. गुरखा त्याने घ्यावी ज्याच्या घरी रोजच्या वापराला दुसरी गाडी आहे आणि ज्याला गाडी समजून घ्यायची हौस आहे. पहिली आणि एकुलती गाडी म्हणून मी कुणालाही गुरखा सुचवणार नाही, आणि तरीही चिखलात तिच्या शेजारी उभं राहिलं की मन तिच्याकडेच ओढलं जातं.

सेकंड हँड बघत असाल तर कंपनीपेक्षा आधीचा मालक तपासा. डिफरेन्शियलचा फिलर प्लग काढून बोट आत घाला. ऑइल दुधाळ आलं तर गाडी पाण्यात उभी राहिली आहे आणि ऑइल बदललेलं नाही. कार्पेट उचलून सीटच्या पट्ट्यांवर गंज बघा. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) आणि मोठे टायर बसवलेले असतील तर आरसी आणि इन्शुरन्सवर त्याची नोंद आहे का विचारा. गाडीतल्या बदलांबद्दलच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे हे बदल नंतर क्लेममध्ये आडवे येऊ शकतात. आणि मालकाने आदल्या दिवशी इंजिन चकाचक धुऊन ठेवलं असेल तर आठवडाभराने पुन्हा बघायला जा, तोवर गळती असेल तर दिसते.